एकाहत्तरची काच

डेल्बर्ट रास्कोला जुन्या पिकअपच्या मागच्या दिव्यांतलं जेवढं कळे, तेवढं बायकोच्या मनातलं कळलं असतं तर ती अकरा वर्षांपूर्वी लबक शहरात बहिणीकडे जाऊन तिकडेच राहिली नसती. गावात हे सगळेच म्हणत, आणि डेल्बर्टही ऐकून मान डोलवी, कारण खोटं काय होतं त्यात?

गावाबाहेर, कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे त्याचं भंगाराचं आवार होतं. ऐंशी-नव्वद पिकअप गवतात उभ्या, पण कशाही नाही, सालवार. तीन काउंट्यांतून लोक त्याच्याकडे येत. हातात तुटका तुकडा आणायचा, डेल्बर्टने तो उजेडाकडे धरायचा आणि साल सांगायचं. चुकला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या शब्दाची त्याला घमेंडही होती, आणि का नसावी? बाकी मिरवायला माणसाकडे होतं काय? एक कुत्रं आणि गुडघेदुखी.

आता हा दिव्यांचा मामला नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सदुसष्ट ते बहात्तर या सहा सालांच्या पिकअपना मागे दिव्यासाठी एकच खाच. भोकं तीच, स्क्रू तेच. फरक फक्त काचेत. सदुसष्टची काच वरपासून खालपर्यंत लाल. एकाहत्तरच्या काचेत खाली पांढरी चौकट, गाडी मागे घेताना पेटणाऱ्या दिव्यासाठी. एकाहत्तरची काच सदुसष्टला अशी बसते की जन्मापासून तिथेच होती म्हणावं. पण नुसती बसवून भागत नाही. सदुसष्टच्या गिअरबॉक्सला तो दिवा पेटवणारं बटणच नसतं. ते लावायचं, पुढून मागपर्यंत वायर ओढायची, हे अर्ध्या दिवसाचं काम. डेल्बर्ट ते केल्याशिवाय काच कुणाला बसवून देत नसे. "न पेटणारा दिवा लावून फिरायचं असेल तर नाताळच्या झाडाला लाव," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावी.

फक्त एकदा त्याने हा नियम मोडला, आणि तेही धाकट्या भावासाठी.

रॉइस त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई मरताना म्हणाली होती, "डेल, रॉइसकडे बघ." डेल्बर्टने इतकं बघितलं की रॉइसला स्वतःकडे बघायची सवयच लागली नाही. रॉइस देखणा, बोलका, शाळेच्या फुटबॉल संघासाठी वर्गणी गोळा करणारा, चार मुलांचा बाप. दारू पिऊन गाडी चालवताना एकदा पकडला गेलेला. पुन्हा सापडलास तर तुरुंग, असं न्यायाधीशाने बजावलेलं. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या मिरवणुकीसाठी त्याला आपली सदुसष्टची पिकअप झकास करून हवी होती, आणि मिरवणूक होती दुसऱ्या दिवशी. डेल्बर्टने एकाहत्तरच्या काचा बसवल्या. उजवी थोडी वाकलेली होती, तिचा वरचा कोपरा कानशीने घासून खाचेत बसवली. वायर राहिली.

"नंतर ओढू," तो म्हणाला. ते नंतर सहा वर्षं आलंच नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, गुरांच्या लिलावाच्या मागच्या वाहनतळावर लीमन हॅच नावाच्या म्हाताऱ्याला कुणीतरी गाडी मागे घेताना कुंपणाच्या लोखंडी नळीवर चिरडलं आणि निघून गेलं. लिलाव चालू, गुरं हंबरतायत, लिलाववाला भोंग्यातून बोली पुकारतोय, कुणी काही ऐकलं नाही. लीमन ऐंशीचा. दोन्ही कानांनी ठार बहिरा, पण नजर अशी की लांबून वासराच्या अंगावरचा मालकीचा डाग वाचायचा. दर मंगळवारी तो गुरं बघायला यायचा. विकत त्याने वीस वर्षांत एकही घेतलं नव्हतं. नऊ दिवस इस्पितळात काढून तो गेला.

पण तो जायच्या आधीच, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, शेरीफचा डेप्युटी मार्कस वेल्डन डेल्बर्टच्या आवारात आला. हा वेल्डन डॅलसहून नवा आलेला, मर्यादशील माणूस, पण गाडीच्या पुढे इंजिन असतं यापलीकडे त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून अपघाताच्या जागी सापडलेला हाताएवढा तुकडा काढला. लाल, खाली पांढरं.

"मिस्टर रास्को, सगळे म्हणतात तुम्हालाच विचारा. ही काच कुठल्या सालची?"

डेल्बर्टने तुकडा उजेडाकडे धरला. वरच्या कोपऱ्यावर कानशीचे घाव होते, बारीक, तिरपे. स्वतःच्या हाताची कानस माणसाला स्वतःच्या सहीसारखी ओळखू येते. पण तोंड मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने उघडलं.

"एकाहत्तर."

"नक्की?"

"मी अंदाज सांगत नसतो."

"म्हणजे मी एकाहत्तरची पिकअप शोधायची."

इथे थांबून एक वाक्य बोलायचं होतं. ही काच सहाही सालांना बसते, एवढंच. गावातलं शेंबडं पोरही ते सांगेल. डेल्बर्टने तुकडा परत दिला आणि म्हणाला, "तुम्ही साल विचारलंत, मी साल सांगितलं." वेल्डनने ते कागदावर उतरवलं, त्याने सही केली. त्या कागदात खोटं एक अक्षर नव्हतं. तीच तर हरामखोरी होती.

वेल्डनची गाडी दिसेनाशी झाली तसा डेल्बर्ट रॉइसच्या शेतावर गेला. पिकअप गोठ्यात, ताडपत्रीखाली होती. ताडपत्री उचलायचीही गरज नव्हती, तरी त्याने उचलली. उजवा दिवा फुटलेला.

"मला वाटलं खांब लागला," रॉइस म्हणाला. त्याची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"खांब लागल्यावर माणूस उतरून गाडी बघतो. तू का नाही उतरलास?"

"डेल, आदल्या रात्रीची उतरली नव्हती माझी. तोंडाला वास येत होता. उतरलो असतो तर थेट तुरुंगात. पोरांकडे कोण बघणार?"

"त्या म्हाताऱ्याकडे कोण बघतंय आत्ता?"

"मुद्दाम केलं का मी?"

"त्याला ऐकू येत नव्हतं, रॉइस. पण डोळे धड होते. मागचा दिवा पेटलेला दिसता तर—" आणि डेल्बर्ट बोलता बोलता थांबला.

रॉइसने वर पाहिलं. हा मुलगा लहानपणापासून हिशेबात कच्चा, पण आपल्या फायद्याचं कुठे आहे ते त्याला चटकन दिसे. "वायर तू ओढणार होतास," तो हळूच म्हणाला. "सहा वर्षं म्हणतोयस, नंतर ओढू. म्हणजे ह्यात आपण दोघं आहोत की नाही?"

डेल्बर्ट खाली बादलीवर बसला. भावाच्या कानाखाली वाजवावी असं त्याला फार वाटलं. वाजवली असती तर बरं झालं असतं, निदान हात तरी कामाला आला असता. त्याऐवजी तो आवारात परत गेला आणि सदुसष्टच्या दोन काचा घेऊन आला. पूर्ण लाल, ओरखडलेल्या, उन्हाने फिकट झालेल्या. स्क्रूही जुने, गंजलेले निवडले. काचा बसवल्या. मग ओल्या फडक्याने आवारातली धूळ कडेकडेने दाबून भरली, रबराच्या पट्टीखालीसुद्धा. सुकल्यावर फुंकर मारून पाहिली. जागची हलली नाही. एवढं सुंदर काम त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाचं केलं नव्हतं, आणि करताना, देवाशपथ, त्याला बरं वाटत होतं. काढलेल्या काचा रॉइसने कचऱ्याच्या पिंपात जाळल्या.

डेल्बर्टचं आवार सोडलं तर काउंटीत एकाहत्तरच्या पिकअप चार. दोघांची इंजिनं बंद पडलेली, तिसऱ्याची गाडी त्या दिवशी लांब ॲमरिलो शहरात. चौथी एमेट सोवेलची.

एमेट शाळेची बस चालवी. बावीस वर्षं. विधुर, मितभाषी, रविवारी चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणारा. त्या मंगळवारी पोरांना शाळेत सोडून तो लिलावाच्या खानावळीत पेकन-पाय हा गोड पदार्थ खायला गेला होता, हे दहा जणांनी पाहिलेलं. आणि त्याच्या पिकअपच्या उजव्या दिव्याची काच कोरी करकरीत. वेल्डनला आणखी काय हवं?

"ती काच अपघाताच्या तीन आठवडे आधी बसवलीय," एमेटने सांगितलं. "जुनी गवताच्या ट्रेलरने फुटली. रास्कोकडून घेतली, न वापरलेली कोरी, त्याला विचारा. आणि त्याच्या भावाच्या सदुसष्टला एकाहत्तरच्या काचा आहेत, तेही त्यालाच विचारा. एमेटने विचारायला सांगितलंय म्हणावं, तो सांगेल."

वेल्डन पुन्हा आला. "मिस्टर रास्को, सोवेलला काच कधी विकलीत?"

डेल्बर्टला तो दिवस लख्ख आठवत होता. एमेटने टमाट्यांची टोपली आणली होती, दोघं पायरीवर बसून मीठ लावून खात होते.

"आठवत नाही," तो म्हणाला. "आधी असेल. नंतरही असेल."

"आणि तुमच्या भावाची गाडी?"

"जाऊन बघा की."

वेल्डन जाऊन बघून आला. अंगभर लाल काचा, गंजके स्क्रू, वर्षानुवर्षांची धूळ. झालं. एमेट आता नुसता संशयित नव्हता, दुसऱ्यावर ढकलणारा खोटारडाही झाला.

गावाचं काय, असं तुम्ही विचाराल. सकाळी सहाला हायवेवरच्या खानावळीत जे म्हातारे पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खायला जमत, त्यांतल्या एकूण एकाला ठाऊक होतं की भोकं तीच, स्क्रू तेच. रॉइसच्या पिकअपला पांढरी चौकट होती हेही मिरवणुकीत सगळ्यांनी पाहिलेलं. एकदा कुणीतरी कपात बघत पुटपुटलंही, "काय रे, रॉइसच्या गाडीला..." तर शेजारचा म्हणाला, "डेल्बर्टने सही केलीय. तुला डेल्बर्टपेक्षा जास्त कळतं का?" मग सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. रॉइसला चार पोरं, आणि एमेटला कोणी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासीही असाच शोधतात, ज्याच्या मागे रडायला माणूस नाही. अख्ख्या गावात दिव्यांतलं न कळणारा एकटा वेल्डन, आणि तपास नेमका त्याच्या हातात.

सरकारी वकिलाने एमेटला समजावलं, भांडलास आणि हरलास तर दहा वर्षं. गुन्हा कबूल केलास तर तुरुंग टळेल, फक्त परवाना जाईल. जूरी गावातलीच असणार. एमेटने जूरीत कोण कोण असेल ते मनातल्या मनात मोजलं आणि सही केली. परवाना गेला, बस गेली. चर्चमध्ये त्याने दाखवलेल्या जागेवर लोक बसेनात, तेव्हा तेही त्याने सोडलं.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "पिकअप घेऊन जा. मला आता तिचा काय उपयोग?"

डेल्बर्ट ओढायची गाडी घेऊन गेला. एमेट अंगणात उभा होता, बारीक झालेला. साखळी लावून झाल्यावर तो म्हणाला, "सहा वर्षं रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी मी रॉइसच्या मागे बस लावायचो. तो मागे घ्यायचा, आणि पांढरी चौकट काळीच. एकदा माझ्या बंपरला भिडला होता. मी तुला सांगितलं होतं, डेल. वायर ओढ म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मी डेप्युटीला म्हटलं, रास्कोला विचारा. कबुलीचा कागद समोर आला तेव्हासुद्धा मी चार दिवस मागून घेतले. वकिलाला वाटलं मी विचार करतोय. मी तुझी वाट बघत होतो."

डेल्बर्टने साखळी पुन्हा एकदा ओढून पाहिली. तो म्हणाला, "गाडी मी नीट ठेवीन." एमेट घरात गेला.

आवारात येऊन त्याने एमेटची गाडी एकाहत्तरच्या रांगेत लावली. बंद करण्याआधी सहज रिव्हर्स टाकला. मागच्या पत्र्याच्या शेडवर दोन्ही बाजूंनी पांढरा उजेड पडला. बावीस वर्षं लेकरं ने-आण करणाऱ्या माणसाची गाडी ती, सगळं पेटणारच.

तिसऱ्या दिवशी रॉइस आला. दाढी केलेली, पुन्हा पहिल्यासारखा बोलका. रांगेतून हिंडता हिंडता एमेटच्या गाडीमागे थांबला आणि दिव्यावर टिचकी मारली.

"ह्या छान आहेत रे. ती लाल काच म्हातारी वाटते माझ्या गाडीला. प्रकरण तर मिटलंच आता. ह्याच बसवून टाक की."

डेल्बर्ट त्याच्याकडे बघत राहिला. चेष्टा असेल म्हणून त्याने थोडी वाटही पाहिली. चेष्टा नव्हती.

"चालता हो," तो म्हणाला.

"काय झालं तुला? काचच मागतोय ना? आईने सांगितलं होतं—"

"आईने बघ म्हणून सांगितलं होतं. आज बघितलं. नीघ."

टोपी घालून तो तडक शेरीफच्या कचेरीत गेला आणि वेल्डनसमोर उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. काच, कानस, वायर, टमाट्यांचा दिवस, सगळं. वेल्डनने शांतपणे ऐकलं. मग फाइल काढली.

"ही काच सहाही सालांना बसते?"

"बसते."

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

वेल्डनने पेन खाली ठेवलं. "मी तुमच्या भावाची गाडी पाहिलीय, मिस्टर रास्को. गुडघ्यावर बसून. काच जुनी, स्क्रू गंजलेले, कडेला इतकी धूळ की नख जाईना."

"ती धूळ मी भरली. ओल्या फडक्याने."

"धूळ भरली?"

"मला येतं ते."

"मग त्या आधीच्या काचा कुठे आहेत?"

"जाळल्या."

"बरं."

"तुमच्याकडच्या तुकड्यावर माझ्या कानशीचे घाव आहेत," डेल्बर्ट म्हणाला. "काढा तो, दाखवतो."

"सोवेलच्या गाडीचं कामही चाळीस वर्षं तुम्हीच करत आलात ना? मग घाव तुमचेच असणार." वेल्डन तुसडेपणाने बोलत नव्हता. त्याला म्हाताऱ्याची कीव येत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "हे बघा, तुमची सही आहे. सोवेलची कबुली आहे. आजचं खरं मानायचं तर तेव्हा तुम्ही खोटं बोललात, तेव्हाचं खरं मानायचं तर आज बोलताय. न्यायाधीशांनी तेव्हाचं मानलंय. सोवेल तुमचा जुना मित्र, त्याची गाडीही आता तुमच्याकडे. तुम्हाला वाईट वाटतंय, मला समजतं. पण मनाला वाटतं म्हणून मी केस उघडू शकत नाही. भाऊ काय म्हणतो?"

रॉइसला फोन लावला गेला. पलीकडून त्याचा काळजीचा आवाज डेल्बर्टला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला. "डेलची तब्येत हल्ली बरी नसते हो. एकटा राहतो ना. घरी पाठवता का त्याला?"

वेल्डनने त्याला दारापर्यंत सोडलं. पायरी उतरताना हातही धरला.

परत येताना जिनिंगच्या रस्त्यावर एमेट दिसला. दोन्ही हातांत किराणाच्या पिशव्या, कडेकडेने चाललेला. गाव तिथून तीन मैल. डेल्बर्टने गाडी त्याच्या बाजूला घेतली आणि काच खाली केली.

"एमेट, मी सांगून आलो. सगळं सांगितलं."

एमेट थांबला. पिशव्या त्याने खाली ठेवल्या नाहीत. "मग?"

"विश्वास नाही ठेवला त्यांनी. धूळ पाहिली म्हणे. स्क्रू पाहिले."

वारा होता, कापसाचे जुने पुंजके तारेला अडकून फडफडत होते.

"काम तू चांगलंच करतोस, डेल," तो म्हणाला. "ते मी कधी नाही म्हटलं नाही."

"बस ना गाडीत. घरी सोडतो."

एमेटने नाही म्हणून मान हलवली. गाडी अगदी त्याच्या वाटेत उभी होती. "जरा मागे घे," तो म्हणाला, "म्हणजे मला जाता येईल."

डेल्बर्टने रिव्हर्स टाकला. एमेट तिथेच उभा राहून गाडीच्या मागच्या बाजूला, पांढरा दिवा पेटतो का ते बघत राहिला, आणि ती पुरती मागे जाऊन थांबल्यावरच पिशव्या सावरून चालू लागला.